३२० एमपीथ्री आणि फ्लॅक, फरक खरंच ऐकू येतो का?

वरचा_सा:
माझी सगळी गाणी ३२० च्या एमपीथ्रीत आहेत. मित्र म्हणतो काढून टाक, फ्लॅक घे, सीडीचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा) १४११ केबीपीएस आणि तुझा ३२०, म्हणजे पाऊण गाणं गायबच की! पण मला तर काहीच कमी वाटत नाही. कान गेले का हेडफोन टुकार?

कानसेन:
दोन्ही ठीक असतील, मित्राचा हिशोब गंडलाय. फ्लॅक पण सीडीच्या साधारण निम्म्यावर येतं आणि त्यात एक बिट जात नाही, मग काय म्हणणार? एमपीथ्री मोठ्या आवाजाखाली जे तसंही दबलेलं असतं तिथे बिट वाचवतं. ३२० ला बहुतेकांना फरक कळत नाही. १२८ ला कळतो, १६ किलोहर्ट्झच्या वरचं सहसा कापलेलं असतं आणि झांजा पाण्यातून आल्यासारख्या सळसळतात.

झंकार:
काहीही हं. माझ्या सिस्टीमवर फ्लॅक सरळ सरळ मोकळं वाटतं.

कानसेन:
कुठली फाईल चालू आहे हे माहीत असताना सगळ्यांनाच वाटतं, आणि दोन्ही फाईल वेगळ्या मास्टरच्या (कंपनीने केलेल्या अंतिम मिश्रणाच्या) असतील तर फरक फॉरमॅटचा नाहीच. फ्लॅकवरून स्वतः एमपीथ्री बनव, आवाजाची पातळी सारखी कर (जरासं मोठं वाजणारं नेहमीच भारी वाटतं) आणि फूबार२००० या प्लेयरमध्ये एबीएक्स लाव, म्हणजे कुठली फाईल वाजतेय ते न सांगता तुला ओळखायला लावणारी चाचणी. १६ पैकी १२ बरोबर आले तर मानतो, नुसत्या अंदाजाने तेवढे यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे.

झंकार:
करतो. कुठलं गाणं घेऊ?

ठोका:
तंतुवाद्यांचं संथ काही नको, कॅस्टॅनेट्स (हातात टकटक वाजवायच्या लाकडी चिपळ्या) घे. एमपीथ्री आवाजाचे बारीक तुकडे पाडून काम करतं, तुकड्याच्या शेवटी टक्कन ठोका आला की त्याची खरखर अख्ख्या तुकड्यात पसरते, म्हणजे ठोक्याच्या आधीच एक पुसट फस्स ऐकू येतं. त्याला प्री-एको म्हणतात, एकदा ओळखायला शिकलास की चांगल्या बिटरेटला पण कधीकधी सापडतो. आणि वायरचे हेडफोन लाव रे बाबा, साध्या ब्लूटूथवर फ्लॅक पण परत कॉम्प्रेस होऊनच कानात येतं.

वरचा_सा:
मग आहेत तीच गाणी फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट केली तर?

कानसेन:
नको! गेलेलं परत येत नाही, फाईल तेवढी फुगेल. नवीन घेशील ती फ्लॅकमध्ये घे, पुढे कुठल्याही फॉरमॅटमध्ये बदलता येतात. जुनी राहू दे.