नाव शोधलं की सगळ्यात वर माझं जुनं भांडणच येतं, काय करू?

शब्दसखी
नमस्कार मंडळी. मी भाषांतरं करते. नोकरी सोडून आता पूर्णवेळ स्वतःचं काम सुरू केलंय. नवा ग्राहक बोलणी करण्याआधी नाव शोधून बघतोच, आणि माझं नाव टाकलं की सगळ्यात वर येते माझीच एक जुनी फेसबुक पोस्ट. एका प्रकाशनसंस्थेने ‘नमुना’ म्हणून अख्खं प्रकरण करून घेतलं, छापलं आणि मानधन दिलं नाही, त्याबद्दलची. भाषा कडक आहे, पण एकही वाक्य खोटं नाही. खाली कमेंटींमध्ये मात्र बरीच हाणामारी झालेली आहे. परवा एकाने विचारलं, ‘ती पोस्ट तुमचीच का?’ मी हो म्हटलं, त्यानंतर त्यांचा मेल नाही.

खर्च करायचा नाहीये. आठवड्यातून तासाभराच्या वर वेळ नाही. व्हिडिओ करणार नाही. यात बसेल असं सुचवा.

धावती_रेघ
व्हिडिओच करा ताई! रोज एक रील, अर्ध्या मिनिटाचं. मी सुरू केलं तेव्हा कोणी विचारत नव्हतं, आता कामं नाकारावी लागतात. लोकांना चेहरा हवा असतो.

खटाटोप
यासाठी एजन्सी असतात, त्यांच्यावर सोपवा. मी सोपवलं. आज माझं नाव टाकलं तर पहिल्या पानावर फक्त मुलाखती दिसतात. खर्च होतो, पण वसूल होतो.

निळी शाई
एजन्सीच्या नादी लागू नका, कळकळीने सांगते. आमच्या एजन्सीने न विचारता पाच-सहा खात्यांवरून आमची स्तुती टाकली. सगळी एकाच दुपारी, आणि ‘विश्वासार्ह’ची चूकसुद्धा सगळीकडे तीच. जुन्या ग्राहकानेच ते पकडलं. ती काढून टाकली तरी त्याचा विश्वास काही परत आला नाही.

जुनाजाणता
एवढी चर्चा कशाला? पोस्ट डिलीट करा, विषय संपला.

कोरा कागद
+१. डिलीट.

तळटीप
डिलीट करून विषय संपत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इन्कॉग्निटो विंडोत (ब्राउझरची लॉगिन नसलेली खासगी खिडकी) स्वतःला शोधा. लॉगिन असताना दिसणारे निकाल तुमच्या सवयींप्रमाणे बदललेले असू शकतात. नाव अवतरणचिन्हांत टाकून एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये बघा. दोन्हींचे निकाल वेगळे येतात आणि ग्राहक कुठल्या लिपीत शोधेल ते आपल्या हातात नसतं.

पोस्ट काढलीत तरी गूगलच्या निकालात तिचा तुकडा काही काळ राहू शकतो. तो ताजा करून घ्यायला गूगलचं जुना मजकूर कळवायचं पान आहे, फुकट. फोन नंबर, घरचा पत्ता अशा गोष्टी निकालांतून काढायची विनंती वेगळी करता येते, पण ‘मला हे आवडत नाही’ एवढ्यावर मतं कोणी काढत नाही.

फेसबुकवर सगळ्या जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करण्याची सोय आहे. पण ते एका फटक्यात उलटवता येत नाही, एकेक पोस्ट हाताने उघडावी लागते. विचार करूनच दाबा. आणि स्क्रीनशॉट कोणाकडे असतील तर त्यावर इलाज नाही.

वाटसरू
तळटीप यांच्याशी सहमत. झाकायला गेलं की जास्त दिसतं. २००३ मध्ये बार्बरा स्ट्रायसँडने आपल्या घराच्या हवाई फोटोवरून खटला भरला. तोवर तो फोटो फक्त सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोन तिच्याच वकिलांनी केलेले. खटल्यानंतर तो लाखोंनी पाहिला.

जुनाजाणता
ती जगप्रसिद्ध गायिका. आपल्या डिलीटची बातमी कोण करतंय? उदाहरण गैरलागू.

वाटसरू
मग सामान्य माणसाचं घ्या. स्पेनचे मारिओ कोस्तेहा गोन्सालेस. १९९८ मधली कर्जवसुलीच्या लिलावाची नोटीस नावाखाली दिसू नये म्हणून ते गूगलशी लढले. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्या निकालामुळेच लिलावाची गोष्ट जगभर पोहोचली.

जुनाजाणता
पण निकाल त्यांच्याच बाजूने लागला ना! तिथे लाखो लोकांना त्याचा फायदा झाला. अर्धीच गोष्ट सांगू नका.

खटाटोप
अवांतर थांबवा. ताई, एक्सवर निळी खूण घ्या, वजन वाढतं.

निळी शाई
२०२२ पासून ती वर्गणी भरून मिळते. त्याआधी तिला अर्थ होता.

एकनाम
तुमच्या नावावर निदान तुमचंच भांडण दिसतंय. माझ्या नावाचा दुसरा एक गृहस्थ रोज कुणाला तरी शिव्या देतो आणि निरोप मला येतात. शेवटी सगळीकडे वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि एकच फोटो लावला, तेव्हा गोंधळ कमी झाला.

तळटीप
एकनाम यांचं बरोबर आहे. त्यात भर म्हणजे लिंक्डइनच्या प्रोफाइलचा पत्ता आपल्या नावाचा करून घ्या, फुकट होतो. मथळ्यात ‘अनुभवी’, ‘कुशल’ नको. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत आणि कोणत्या विषयाचं भाषांतर करता ते लिहा. दोन जुन्या ग्राहकांकडून शिफारस मागा, ‘मुदतीत दिलं का, दुरुस्त्या किती लागल्या’ एवढंच लिहा म्हणावं. हे तासाभरात होतं. भांडणाची पोस्ट मात्र मित्रांपुरती कराच.

धावती_रेघ
किंवा त्याच पोस्टवर एक रील.

शब्दसखी
सगळ्यांचे आभार. देवनागरी-रोमन दोन्ही शोधून पाहिलं. रोमनमध्ये पोस्ट नाहीच, माझा एक जुना लेख वर येतो. प्रोफाइलचा पत्ता बदलला, मथळाही. शिफारशी मागितल्यात.

पोस्ट काढणार नाही, लपवणारही नाही. काल पुन्हा पूर्ण वाचली. खालच्या कमेंटींमध्ये पाच भाषांतरकारांनी लिहिलंय की ती वाचून त्यांनी फुकट नमुना द्यायचं बंद केलं. त्यांच्यासाठी ती तिथेच राहायला हवी. उलट ती मी प्रोफाइलवर पिन केली आणि वर माझ्या अटी जोडल्या: नमुना एका पानापर्यंत, त्यापुढे मानधन, अर्धं आगाऊ.

जुनाजाणता
ग्राहक पळतील. पटलं नाही.

शब्दसखी
ज्यांना आगाऊ रक्कम द्यायची नाही ते जातील, मला चालेल. आज एकीने अटी वाचूनच मेल केलाय, तिला उत्तर लिहायला घेते.