पंचेचाळिसावा म्हणजे काय ते जरा बघा

"पंचेचाळिसावा आला, त्यात काय एवढं" असं दादा तुम्ही आपल्या स्कीयर आरिफ खानबद्दल लिहिलंत ते मला अजिबात पटलं नाही. २०२२ च्या बीजिंग विंटर ऑलिंपिकमधली ती जायंट स्लॅलम होती, म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांच्या गेटांमधून वळत खाली यायची स्कीची शर्यत, बीजिंगजवळच्या यानचिंगच्या डोंगरावर, त्या दिवशी बर्फ इतका पडत होता की पुढचं गेट नीट दिसत नव्हतं, दुसरी रन (उतारावरून खाली यायची फेरी) पुढे ढकलावी लागली आणि कितीतरी नावाजलेले स्कीयर पहिल्याच रनमध्ये बाद झाले. दोन्ही रनचा वेळ मिळून निकाल लागतो, म्हणजे एकदा जरी गेट चुकलं तरी सगळं संपलं. स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमॅट जिंकला, तो जिंकणारच होता म्हणा.

आणि एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही. पहिल्या रनला वरच्या रँकिंगवाले आधी सुटतात, आरिफसारख्यांचा नंबर खूप मागे, तोपर्यंत गेटच्या वळणावर आधीच्यांच्या स्कीनी चर पडलेले असतात, खड्ड्यातल्या रस्त्यावर बाईक वळवावी तसं, त्यात पाय जरा सरकला की गेलाच! अशात दोन्ही रन पूर्ण करणं मला तरी फार मोठं वाटतं. नंतरच्या स्लॅलममध्ये (त्यात गेटं आणखी जवळजवळ असतात) आरिफ पहिल्याच रनला बाहेर गेला, तेव्हा खरंच वाईट वाटलं.

पुण्यातली इतकी पोरं हिवाळ्यात स्की कोर्सला गुलमर्गला जातात, तो त्याच भागातला आहे, त्या वेळी भारताकडून एकटाच उतरला होता. जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, साध्या उतारावर उभं राहतानासुद्धा मांड्या कशा भरून येतात ते.