ओली फरशी आणि आबांच्या बैठका

ए-१०२ काकू: काल लॉबीची फरशी ओलीच होती, ह्यांचा पाय सरकला. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. पण आता मी ह्यांना खाली सोडणार नाही.

सेक्रेटरी: काकू, चुकलंच. उद्यापासून पुसल्यावर कोरडं करून घेतो.

बी-३०४ वहिनी (फिजिओ): काकू, घरात बसवू नका हो. बसून मांड्या आणखी उतरतात, मग पुढच्या वेळी हाड जातं. काकांचं वजन आपोआप उतरलंय का? चाल मंद, मुठीत जोर नाही, लगेच दमतात? तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ए-१०२ काकू: पॅन्ट सैल झालीय खरी.

सी-२०१ दादा: आमच्या आईला व्हिटॅमिन डी चालू आहे. तेवढं बास नव्हं?

बी-३०४ वहिनी: कमतरता असेल तर घ्यायलाच हवं. पण अमेरिकेत २५ हजारांवर लोकांना सरसकट देऊन बघितलं. २०२२ मध्ये निकाल आला, फ्रॅक्चर काही कमी झाली नाहीत. व्यायामानं मात्र पडणं साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं, हे २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) आहे.

सी-२०१ दादा: मग रोज रंकाळ्याला फेरी असतीय की तिची!

बी-३०४ वहिनी: फेरी सोडू नका. पण नुसत्या चालण्यानं पडणं टळतं असं ठामपणे दिसलेलं नाही. तोल आणि पायातली ताकद पाहिजे. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, ओटा धरून एका पायावर उभं राहायचं.

डी-४ आबा: म्हंजे बैठकाच की! वस्ताद हेच सांगत हुते. तवा पाचशे मारत हुतो, आता कमोडवरनं उठताना देव आठवतो.

बी-३०४ वहिनी: आबा, अजून वेळ गेलेली नाही. १९९० च्या एका अभ्यासात ८६ ते ९६ वयाच्या १० जणांकडून ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. तो पूर्ण केलेल्या ९ जणांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. दहाच माणसं, पण वय बघा!

डी-४ आबा: मग खुराक बी पायजे. थंडाई चालू करू?

डी-४ सूनबाई: आबा, परवाचा शुगरचा रिपोर्ट ग्रुपवर टाकू का?

खजिनदार: जिन्याला भिंतीकडूनही कठडा बसवायचाय का? कोटेशन मागवतो. बाथरूमचे दांडे ज्याचे त्यानं.

ए-१०२ काकू: ह्यांनी सगळं वाचलं. आत्ता खुर्चीवरून उठले, दोन्ही हात टेकून. म्हणतात, ही मोजू नको.