तुमच्या कॅसेटवर घरच्यांनी काय टेप केलं होतं? (निमित्त : पिंक फ्लॉइड)

पेठ_सुटलेला :
आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, घर रिकामं करतोय. माळ्यावरच्या खोक्यात पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या 'द डिव्हिजन बेल' अल्बमची कॅसेट सापडली. १९९४ची, क्लासच्या फीतले पैसे वाचवून घेतलेली. जुना टेप कण्हत का होईना चालला म्हणून लावली. बी साइडला शेवटचं गाणं 'हाय होप्स'. घंटा वाजली, पियानो सुरू झाला आणि खट्ट! मग बाबांचा आवाज : "हॅलो, हॅलो... येतंय का रे?" त्यानंतर रेडिओवरचे भीमसेन, खरखरीसकट. विकतच्या कॅसेटवर कोणी टेप करू नये म्हणून ठेवलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावून केलेला उद्योग. पुढे टेप जेमतेम आठ मिनिटांची होती, त्यामुळे बुवांचा आलापही पुरा मावला नाही. तेव्हा मी दोन दिवस बोललो नव्हतो त्यांच्याशी.

बाबा २०११त गेले. २०१४च्या नोव्हेंबरात फ्लॉइडचा 'द एंडलेस रिव्हर' अल्बम आला तेव्हा मी म्हणालो होतो, हा शिळ्या पोळीचा कुस्करा. 'डिव्हिजन बेल'च्या वेळी १९९३-९४त वाजवून बाजूला ठेवलेलं, कीबोर्डवाला रिक राइट वारल्यावर गिटारवाला गिलमोर आणि ड्रमर मेसननं जुळवून काढलेलं. काल रात्री परत ऐकला. कुस्कराच आहे. पण कुस्करा मला आवडतो, हे तेव्हा लक्षात नव्हतं आलं.

तुमचे किस्से लिहा. फ्लॉइडचेच हवेत असं नाही.

चकली_भाजणी :
आमच्याकडे किशोरकुमारच्या मध्येच माझं "सांग सांग भोलानाथ" आहे. वय वर्षं चार. नवरा अजून पाहुण्यांना ऐकवतो 😡

मुठेकाठी :
'हाय होप्स'च्या अगदी शेवटी, घंटा थांबली की बारीक आवाजात एक फोन आहे. गिलमोरचा सावत्र मुलगा चार्ली आणि बँडचा मॅनेजर स्टीव्ह ओ'रूर्क. हा हॅलो म्हणतो, पोरगं फोन आपटतं. तुझ्या बाबांनी नेमका तोच पुसला. हॅलोवर हॅलो.

पेठ_सुटलेला :
हे माहीत नव्हतं!! माझ्या कॅसेटवर ते कधी नीट ऐकूच आलं नव्हतं बहुतेक.

विषय_संपला :
बेस वाजवणारा, गाणी लिहिणारा रॉजर वॉटर्स १९८५ला बँडमधून बाहेर पडला, फ्लॉइड तिथे संपलं. पुढचं सगळं गिलमोरचं गोड गोड. २०१४चं तर लिफ्टमध्ये लावायचं संगीत.

मुठेकाठी :
आले. दर वेळी येतात.

विषय_संपला :
येणारच. २००७ला वॉटर्स मुंबईत आला होता, एमएमआरडीए ग्राउंडवर. फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बम अख्खा वाजवला. पहाटे दादरहून एशियाड पकडून स्वारगेट, तिथून थेट ऑफिस. चहा पिता पिता डेस्कवर झोपलो. अठरापैकी एका गाण्यात शब्द असलेल्या अल्बमसाठी असं कोणी करेल का?

ढोलपथक_माजी :
राइट गेला १५ सप्टेंबर २००८ला. तारीख विसरणं शक्य नाही, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. टिळक रोडला रात्रभर ढोल वाजवून आलो, दुपारभर मेल्यासारखा झोपलो. रात्री मित्राचा एसेमेस : "राइट गेला". मला वाटलं कोणाचा राइट हात गेला, पथकातल्या. फोन करून विचारलं कुठल्या दवाखान्यात नेलाय 😐

चकली_भाजणी :
😂😂 सॉरी, हसू नये पण

ढोलपथक_माजी :
हसा हो ताई. मीही नंतर हसलोच. मग त्या रात्री हेडफोन लावून नुसते कीबोर्ड ऐकत बसलो. कान आधीच गेलेले.

दोन_हजार_दोन :
मी 'एंडलेस रिव्हर'च आधी ऐकला, बारा वर्षांची असताना, बाबांच्या गाडीत, चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये. बाकीचं सगळं नंतर. त्यामुळे मला तो उरलेलं वगैरे वाटतच नाही. 'ऑटम ६८'मधला ऑर्गन ऐका. १९६९ला राइटनं रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवलेला, पंचेचाळीस वर्षं पडून होता. काकालोक, तुम्ही आधी ठरवून ऐकता.

विषय_संपला :
'काका' लागलं. पण ऑर्गन चांगला आहे, मान्य.

मुठेकाठी :
नावं ठेवताना एक बघ, 'एंडलेस रिव्हर' हे शब्द 'हाय होप्स'च्या शेवटच्या ओळीतले. आणि 'डिव्हिजन बेल' हे नाव सुचवलं लेखक डग्लस ॲडम्सनं, त्याबदल्यात त्याच्या आवडीच्या धर्मादाय संस्थेला देणगी. (कुकरची शिट्टी झाली, पळतो.)

भुसभुशीत :
टेप कण्हतोय म्हणालास ना? बेल्ट सैल झालाय. तपकीर गल्लीत मिळेल, पण टेप सोबत घेऊन जा, मापाचा बसवून देतात. आणि पट्टीवरची बुरशी बघितल्याशिवाय पुन्हा लावू नकोस, हेड खराब होईल.

पेठ_सुटलेला :
धन्यवाद. शनिवारी जातो.

चकली_भाजणी :
भोलानाथवाली कॅसेट डिजिटल करून मिळते का कुठे? नवऱ्याला सांगू नका.

भुसभुशीत :
टेपच्या इअरफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर जोडायची, घरीच होतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पेठ_सुटलेला :
बेल्ट बदलून आणला. वेग नीट झाला तर बाबांचा आवाज एकदम बारीक! मला वाटलं आता पट्टी जोरात पळतेय. आई आतून म्हणाली, "नाही रे, असाच होता."

ढोलपथक_माजी :
🙏

कोथरूड_बसस्टॉप :
सगळं वाचलं नाही, पण बिल्डर कॉर्पस किती देतोय? आमचंही चाललंय.