सांगलीत डॉगवूड लावलंय, पानांच्या कडा करपतायत

विश्रामबाग_अंगण:
नमस्कार मंडळी. डॉगवूडचं (पांढऱ्या फुलांचं अमेरिकी झाड) दीड फुटी रोप ऑनलाइन मागवून फेब्रुवारीत अंगणात लावलंय. पिशवीवर 'कॉर्नस फ्लोरिडा' लिहिलं होतं. माती काळी, भारी. २ x २ फुटाचा खड्डा काढून लाल माती आणि शेणखत भरलं. बोअरचं पाणी एक दिवसाआड. मागच्या महिन्यात मूठभर डीएपी खत दिलं. आता शेंड्याची पानं पिवळी पडतायत, शिरा मात्र हिरव्या. खालच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतायत. काय चुकलं? आणि हे आपल्याकडं फुलेल का?

तासगाव_मळा:
आधी रोप खरं आहे का बघा, डॉगवूड म्हणून काहीही खपवतात. एक पान आडवं फाडून दोन्ही तुकडे हळूच लांब करा. डॉगवूड असेल तर शिरांमधून बारीक पांढरे धागे निघतात आणि खालचा तुकडा त्यावर लोंबकळतो. शिवाय पानं समोरासमोर जोडीनं, आणि शिरा कडेला समांतर वळून टोकाकडं गेलेल्या.

लक्षणं दोन, कारणंही दोन. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाहीये. द्राक्षवाल्यांना हे नवीन नाही. डॉगवूडला मातीचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा लागतो, आपली काळी माती बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर. लोह जमिनीत असतं, पण चुनखडीमुळं मुळांना उचलता येत नाही. त्यात डीएपीच्या स्फुरदानं (फॉस्फरसनं) भर घातली. कडा करपतात त्या बोअरच्या क्षारानं आणि उन्हाळी वाऱ्यानं. अजिबात आणखी खत देऊ नका.

विश्रामबाग_अंगण:
धागे निघाले! पानं पण जोडीनं आहेत. मग गंधक टाकून माती आंबट करता येईल का?

तासगाव_मळा:
मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी भरपूर आहे. मग गंधक कितीही टाका, चुना ते खाऊन टाकतो आणि सामू तिथंच राहतो. तुमचा खड्डाही घात करेल. भाऱ्या काळ्या रानात खड्डा काढून हलकी माती भरली की ते मातीत पुरलेलं घमेलंच होतं. पावसाळ्यात पाणी त्यात साठतं, काळी माती ते बाहेर सोडत नाही, मुळं कुजतात.

वाई_परसबाग:
वरच्याशी सहमत. वाचवायचंच असेल तर जूनच्या आत कुंडीत घ्या. संध्याकाळी, मुळांभोवतीचा गोळा न फोडता. १८ इंची कुंडी, खाली मोठी भोकं. चुनखडी नसलेली लाल माती २ भाग, धुतलेलं कोकोपीट २, पानांचं कुजलेलं खत १. कोकोपीट धुतलं नाही तर त्यातलंच मीठ कडा जाळेल. जागा पूर्वेची, सकाळी दोन-तीन तास ऊन. एप्रिल-मेमध्ये वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी. पाणी साठवलेलं पावसाचं, नाहीतर एसीचं ठिबकणारं. वर उसाच्या पाचटाचं २-३ इंच आच्छादन, पण खोडापासून चार बोटं लांब. मुळं अगदी वरच्या थरात असतात, म्हणून खुरपणी नको.

लोहासाठी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) घ्या, १ ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी मुळाशी. स्वस्तातलं ईडीटीए चुनखडीत टिकत नाही.

आता फुलाचं. खरं सांगायचं तर आशा ठेवू नका. या झाडाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यात तयार होतात (गोल बटणासारखी ती फुलाची, टोकदार ती पानाची) आणि उघडायला मधे लांब, कडक थंडी लागते. सांगलीचा हिवाळा त्याला हिवाळाच वाटत नाही.

कास_भटक्या:
मग महाबळेश्वरला लावलं तर? तिथं माती आंबट आणि थंडीही.

वाई_परसबाग:
माती जमेल. थंडी मात्र पारा थोडे दिवस खाली जाण्यापुरतीच. आणि जून ते सप्टेंबर पान सतत ओलं, म्हणजे बुरशीच्या ठिपक्यांना आमंत्रण. हिमालयातलं सदाहरित डॉगवूड, ज्याला कुमाऊँत भमोरा म्हणतात, त्याला थंडी कमी पुरते. पण तेही डोंगरातलं झाड, सांगलीच्या मेमध्ये होरपळेल.

कास_भटक्या:
पांढऱ्या 'पाकळ्यां'साठीच हवं असेल तर आपलं भूतकेस बघा. डॉगवूडच्या त्या चार पाकळ्या नसतातच, रंगीत छद (फुलांखालची बदललेली पानं) असतात, खरी फुलं मधल्या हिरवट गुच्छात. भूतकेसाचाही असाच फसवा कारभार: नारिंगी फूल छोटं, शेजारी एक निदल (कळीला बाहेरून झाकणारं दल) मोठं होऊन पांढरं पान झालेलं. सह्याद्रीतलं झुडूप, अर्धी सावली चालते.

तासगाव_मळा:
अंगणात झाडच पाहिजे असेल तर तामण. आपलं राज्यफूल, ओलाव्याला डगमगत नाही, काळ्या मातीत चालतं. लावताना हलकी माती भरू नका, निघालेलीच माती परत, त्यात एक पाटी शेणखत. जागा भोवतीपेक्षा अर्धा फूट उंच करा. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत उरका. एप्रिलमध्ये छाटलं तर त्या वर्षीचा बहर गेला.

विश्रामबाग_अंगण:
डॉगवूड उद्या संध्याकाळीच कुंडीत घेतो. मोकळ्या खड्ड्यातली लाल माती काढून तिथं पावसाळ्यात तामण. त्या जागेवरून तीन फुटांवर कंपाउंडची भिंत आहे, चालेल ना?

तासगाव_मळा:
नाही. किमान दहा फूट सोडा. तीन फुटांवर भूतकेस लावा.