एमआरआय पाहून थेट एकेटी (टीबीची औषधं)? मणक्याच्या टीबीवर थोडं भांडू या

तिरका_मणका
कालची पोस्ट: ‘डी १०-११ ची (पाठीच्या दहाव्या-अकराव्या मणक्यांमधली) चकती खाल्लेली, दोन्ही बाजूंना गळू, ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारा आकडा) ९०. आपल्याकडे हा टीबीच. बायोप्सी (तपासायला तुकडा काढणं) म्हणजे पेशंटचा पैसा आणि आपला वेळ वाया.’ आणि खाली लाइक्सचा पाऊस!

चकती स्टॅफही खातो, ब्रुसेलाही; दोन्ही टीबीहून वेगळे जंतू. गोठ्यात राबणाऱ्या, कच्चं दूध पिणाऱ्या माणसात तर ब्रुसेला आधी आठवायला हवा. गंमत अशी की रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावरही चालतं. महिन्याभरात दुखणं उतरतं, सगळे खूश, आणि निदान चुकलंय याचा पत्ता नाही. शिवाय टीबी असलाच, तरी जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही हे एमआरआयची फिल्म सांगते का? सहा महिन्यांनी गळू वाढल्यावर सुई घेऊन धावायचं, आणि तोवर अर्धवट मारलेला जंतू कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहताना) उगवला तर नशीब.

हाडवैद्य_नव्हे_ऑर्थो
पुस्तकी. पाय लुळे पडत चाललेल्या पेशंटला ‘४२ दिवस थांबा, एमजीआयटी (टीबीचं कल्चर) लागायचंय’ म्हणायचं? सीटी-गायडेड (सीटी स्कॅनवर बघत केलेल्या) बायोप्सीसाठी माणूस शहरात पाठवायचा, त्याला तिथे तारीख मिळेपर्यंत तो कॅथेटरवर.

तिरका_मणका
थांबा कोण म्हणालं? सकाळी तुकडा, संध्याकाळी पहिली गोळी. सीटी नसेल तर सी-आर्मखाली (ओटीतल्या एक्स-रे यंत्राखाली) पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या मागच्या हाडाच्या खांबातून, जमशिदी ही बायोप्सीची जाड सुई घाला, तेवढीच जागा बधिर करून होतं. पाय आणखी गेले तर डीकॉम्प्रेशन (मज्जारज्जूवरचा दाब काढायचं ऑपरेशन) करणारच ना तुम्ही? तिथे टिश्यू आयताच मिळतो.

स्लाइडवाली
आयता मिळतो आणि आयताच फॉर्मॅलिनमध्ये जातो! मूळ वाद तुमचा तुम्ही मिटवा, माझं दुखणं वेगळं. ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) एकच बाटली येते, फॉर्मवर लिहिलेलं ‘एचपीई + कल्चर + सीबीनॅट’. एचपीई म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहणं, सीबीनॅट म्हणजे जंतूचा डीएनए आणि रिफाम्पिसिनला तो दाद देतो का ते शोधणारी चाचणी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मेला. कल्चर संपलं, सीबीनॅटही गेला. दोन भाग करा. एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक डब्यात सलाइनच्या चार थेंबांवर. ओला राहण्यापुरतं, पोहायला नाही. पू असेल तर सिरिंजमध्ये भरून द्या. कापसाचा बोळा पाठवू नका, जंतू मुळात मोजके, ते बोळ्यातच अडकतात.

हाडवैद्य_नव्हे_ऑर्थो
लॅबने साधे निर्जंतुक डबे वेळेवर दिले तर ना! रविवारी रात्री लॅबला कुलूप, नमुना फ्रिजमध्ये ठेवला तर सोमवारी तुम्हीच ओरडता.

स्लाइडवाली
फ्रिजमध्ये ठेवलात तर कोण ओरडतं? फ्रीझरमध्ये ठेवलात म्हणून ओरडलो. २ ते ८ अंशांवर ठेवा, गोठवू नका.

गोळीगणित
बाटल्यांवर महाभारत चाललंय, पण तुकडा घेण्याआधी दहा दिवस लघवीच्या जळजळीसाठी लिव्होफ्लॉक्सासिन दिलेलं असतं, त्याचं काय? तेही टीबीवर चालतं. मग कल्चर कोरं, आणि ‘टीबी नव्हताच’ म्हणणारे हुशार तयार. केसपेपरवर आधीची सगळी अँटिबायोटिक्स लिहा. सीबीनॅट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही, हेही डोक्यातून काढा. हाडात जंतू थोडे असतात.

मीठमिरची
आणि रक्तातल्या टीबी-आयजीजीचे (टीबीविरुद्धच्या प्रतिपिंडांचे) रिपोर्ट? २०१२ मध्ये बंदी आली तरी क्वांटिफेरॉन या दुसऱ्या रक्तचाचणीच्या नावाखाली तीच चटक सुरू आहे.

स्लाइडवाली
क्वांटिफेरॉन ही वेगळी चाचणी आहे हो. ती बंदीत नव्हती. फक्त संसर्ग झालाय इतकंच सांगते, रोग आहे हे सांगत नाही. अर्धवट माहितीवर भांडू नका.

हाडवैद्य_नव्हे_ऑर्थो
बरं, बरं. तुकडा आधी, गोळी नंतर. खूश? आता गोळ्या थांबवायच्या कधी, तेही फर्मान काढा.

तिरका_मणका
फर्मान २०१६ पासून आहे: इंडेक्स-टीबी (फुप्फुसाबाहेरच्या टीबीची भारतीय मार्गदर्शक तत्त्वं), दोन महिने चार औषधं, मग दहा महिने एचआरई (त्यातली तीन: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल), गरज पडली तर एकूण अठरा महिन्यांपर्यंत. मात्र एमआरआयवर बोट ठेवून वाढवत बसू नका. मणक्याच्या हाडाच्या मज्जेतली सूज बरं झाल्यावरही महिनोन्महिने दिसते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तर गळू मोठंही दिसू शकतं, आणि तेवढ्यावर ‘रेझिस्टंट’ (औषधाला दाद न देणारा) म्हणून औषधं बदलणारे आहेतच.

हाडवैद्य_नव्हे_ऑर्थो
ते रेझिस्टंट नाही हे कसं ओळखायचं, फिल्म पाहून?

तिरका_मणका
पहिल्या दिवशीच्या सलाइनच्या बाटलीवरून.

हाडवैद्य_नव्हे_ऑर्थो
सिस्टर, दोन बाटल्या लावा हो.