मदत हवी आहे: हान्नेस वाडरसारखी गिटार कशी शिकावी?

जर्मन लोकगायक आणि गिटारवादक हान्नेस वाडर इथे कुणी ऐकतं का? जन्म १९४२, बीलेफेल्डजवळचा. साठच्या दशकात बुर्ग वाल्डेक या जर्मन किल्ल्यावरच्या लोकगीत महोत्सवांतून पुढे आला. १९७४ मध्ये त्याचा उत्तर जर्मनीच्या प्लाटडॉइच बोलीतल्या गाण्यांचा अल्बम आला, मला तोच सगळ्यात आवडतो. १९७७ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षात गेला, मग कामगारगीतं गायला लागला. तिथे आवाज दमदार, पण गिटार मागे पडते असं माझं मत (भांडू नका!).

अडचण अशी: अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका धरायचा आणि त्याच वेळी बोटांनी चाल वाजवायची, हे एकत्र जमतच नाही. आधी नुसता अंगठा पक्का करू का? नायलॉनच्या तारा चालतील? पुण्यात कुणी शिकवत असेल तर तेही सांगा.